व्याजदर विचारायला नाव लागत नाही

बेळगावच्या वडगावात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. घर घ्यायला निघालेली माणसं आधी नुसता दर बघायला येतात, मग पगारपत्रकं स्कॅन करायला, मग खरेदीखताच्या प्रती काढायला. शेवटी येतात ती "ताई, हे कर्जवाल्यांचे फोन थांबेनात, कायतरी करा की" म्हणत. हा शेवटचा फेरा टळावा म्हणून हे लिहितेय.

कर्जाच्या चौकशीला टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याला लागणारी माहिती वेगळी असते. लोक पहिल्याच दिवशी शेवटच्या टप्प्याचे कागद देऊन मोकळे होतात.

पहिला टप्पा नुसत्या आकड्यांचा. गृहकर्जाचे दर बँका आपापल्या वेबसाइटवर देतात आणि हप्त्याचा कॅल्क्युलेटरही तिथंच असतो. त्यात रक्कम, मुदत आणि दर एवढंच घालायचं. २५ लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के घातलं की हप्ता साधारण २१,७०० रुपये दिसतो. आठ टक्के केला की २०,९०० च्या आसपास येतो. एवढं कळायला कुणालाही तुमचं नाव सांगावं लागत नाही. अनगोळमध्ये फ्लॅट बघणाऱ्या एका मुलाला मी हेच सांगितलं, तर म्हणाला, "पण ताई, ती साइट 'तुमच्यासाठी खास दर' दाखवते." दाखवते खरी, पण त्याआधी मोबाईल नंबर आणि पॅन मागते. खास दर शेवटी बँकच ठरवते, आणि तोही तुमचे कागद बघून.

दहा बँकांचे दर एका पानावर दाखवणाऱ्या साइट वाईटच असतात असं मी म्हणत नाही. पण त्यांचं पोट बँकांकडे गिऱ्हाईक पाठवण्यावर भरतं. "पुढे जा" बटणाच्या वर बारीक अक्षरांत एक ओळ असते आणि तिच्या शेजारी बरोबरची खूण बहुतेक वेळा आधीच केलेली असते. आमच्या भागीदारांना फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप करायला परवानगी, डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंदणी) असलं तरी; आणि कधीकधी त्याच ओळीत तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याची नोंद, बघायलाही परवानगी. ती खूण काढून बघा. काढल्यावर पुढे जाता येत नसेल, तर त्या साइटला तुमचा नंबर कशाला हवा होता ते समजलं. तिथून परत फिरा.

क्रेडिट स्कोअर मात्र आधी माहीत असावा, कारण दर त्यावर हलतो. तो फुकट दाखवणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या स्कोअर काढणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो, आणि तो त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचा. स्वतःचा रिपोर्ट बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. बँकेनं कर्जासाठी बघितला की त्याची नोंद राहते, आणि थोड्या दिवसांत पाच-सहा ठिकाणांहून नोंदी झाल्या की पुढची बँक कपाळाला आठ्या घालते. म्हणून अर्ज दोन ठिकाणी, फार तर तीन. कुणी तुमचा रिपोर्ट बघितला की या कंपन्यांकडून एसएमएस किंवा ईमेल यायला हवा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे. न ओळखीच्या कंपनीचं नाव आलं, तर तो मेसेज पुसू नका, त्याच दिवशी तक्रार टाका.

चौकशीसाठी ईमेल वेगळा काढा. शक्य असेल तर नंबरही वेगळा द्या. बँक खात्याला आणि आधारला जोडलेला नंबर खरा अर्ज करताना द्यायचाच आहे, दर विचारताना नको.

आता फोनवरच्या माणसाबद्दल. आपल्या भागात याची एक वेगळी गंमत आहे. कन्नडमध्ये किंवा हिंदीत फोन आला की आपण सावध असतो. तोच माणूस "काका, मी टिळकवाडी शाखेतून बोलतोय" असं मराठीत म्हणाला की आपण विरघळतो. मराठी बोलणं म्हणजे ओळखपत्र नव्हे! बँकांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० नं सुरू होणारे नंबर आणि जाहिरातींसाठी १४० नं सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत. शाखेतला खरा साहेबही कधी स्वतःच्या मोबाईलवरून फोन करतो, त्यामुळे नंबरावरून पक्कं काही ठरत नाही. "मी उद्या शाखेत येतो" म्हणा आणि फोन ठेवा. कर्ज वीस वर्षांचं आहे, एका दिवसानं काही बिघडत नाही. "आत्ताच ओटीपी सांगा, नाहीतर ऑफर जाईल" म्हणणाऱ्याची ऑफर जाऊ द्या. फाइल चार्ज म्हणून कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले, तर तिथंच विषय संपला.

वेबसाइटचा पत्ता ओळखायची सोय आता झाली आहे. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. बँकेच्या नावापुढे हे शेपूट नसेल तर थांबा. गृहकर्ज कंपन्या आणि बिगरबँक कंपन्यांना हा नियम लागू नाही. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर कर्जाच्या ॲपची यादी आहे, तीत नाव शोधा. कर्जाच्या ॲपनं तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल लॉग किंवा फोटो मागायचेच नाहीत असा नियम आहे. कॅमेरा आणि लोकेशन केवायसीपुरतं एकदा मागता येतं, तेही तुम्ही हो म्हटल्यावर.

माझा खरा विषय कागदांचा. माहिती हॅकर पळवतात असं सगळ्यांना वाटतं. मला मात्र दुसऱ्यांच्या दुकानांतल्या कॉम्प्युटरवर डाउनलोड्सच्या फोल्डरात शेकडो लोकांचे पॅन, पासबुकं, सह्या पडलेल्या दिसतात. मी रोज कुलूप लावायच्या आधी फोल्डर रिकामं करते, रिसायकल बिनसकट. तुम्ही कुठंही जा, मग ते सरकारी सेवांचं ग्राम वन केंद्र असो की कोपऱ्यावरचं दुकान, उठायच्या आधी "माझी फाइल पुसा" म्हणा आणि पुसताना बघा. ईमेल किंवा व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर लॉग आउट करा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

आधारची प्रत देताना मास्क केलेली द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर डाउनलोड करताना तसा पर्याय असतो, मग नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि ई-आधारला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची इंग्रजी पहिली चार अक्षरं आणि जन्माचं साल, एवढाच तो पासवर्ड असतो. शेजारची किल्ली पायपुसण्याखाली असते तसलं हे कुलूप. बँकेच्या स्टेटमेंटचा पासवर्ड पाठवायचाच असेल तर त्याच मेलमध्ये लिहू नका, फोन करून सांगा. प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहा: "फक्त अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी", खाली तारीख आणि सही, अक्षरं छापील मजकुरावरून जातील अशी. स्कॅन करायचं असेल तर आधी लिहा, मग स्कॅन करा.

सहा महिन्यांचं स्टेटमेंट एजंटाच्या व्हॉट्सॲपवर टाकण्यापेक्षा अकाउंट ॲग्रिगेटरचा, म्हणजे तुमच्या संमतीनं खात्याची माहिती थेट कर्ज देणाऱ्याकडे पोचवणाऱ्या सेवेचा, रस्ता बरा. त्यात कुठल्या खात्याची, किती काळाची माहिती, कुणाला द्यायची हे तुम्ही ठरवता आणि नंतर संमती मागेही घेता येते. एजंटाच्या फोनमधला फोटो कोण मागे घेणार?

जागेचे कागद हा आपल्या सीमाभागातला नाजूक भाग. उतारा, ई-खाता (मिळकतीची ऑनलाइन नोंद), ईसी (जागेवर बोजा आहे का ते सांगणारा दाखला), सगळं कन्नडमध्ये. येळ्ळूर, उचगाव, खानापूरकडच्या बऱ्याच घरांत ते नीट वाचणारं कुणी नसतं. मग फोटो काढून भाच्याला, भाच्याकडून त्याच्या मित्राला, नाहीतर गावच्या ग्रुपवर, "यात काय लिहिलंय सांगा". वाचून घ्यायचं असेल तर कागद घेऊन माणसासमोर बसा. फोटो पाठवायचाच तर फक्त अडलेल्या ओळीचा पाठवा.

खरेदीखताची काळजी त्याहून जास्त. २०२३ मध्ये कर्नाटकात असे प्रकार उघडकीला आले की नोंदणी झालेल्या दस्तांतले बोटांचे ठसे आणि आधार नंबर उचलून, आधारवर चालणाऱ्या पेमेंटमधून लोकांच्या खात्यातले पैसे काढले गेले. त्याला ओटीपी लागत नव्हता. म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. यूआयडीएआयच्या आधार ॲपमध्ये किंवा यूआयडीएआयच्या साइटवर ते होतं, आणि गरज पडली की तात्पुरतं उघडता येतं. नुसता दर विचारताना खरेदीखत कुणालाही देऊ नका. बँकेच्या वकिलाला ते द्यावं लागतं, पण तोवर तुमची बँक ठरलेली असते. आणि एक लक्षात घ्या, त्या दस्तावर विकणाऱ्याचाही अंगठा असतो. त्याचा कागद तुमच्या फोनमधून फिरू नये, एवढं त्याचंही देणं लागतो आपण.

कर्ज मंजूर झालं की उरलेली आवराआवर करा. जिथं अर्ज केला नाही तिथलं खातं आधी बंद करा, मगच ॲप काढा. नुसतं ॲप काढलं तर माहिती त्यांच्याकडेच राहते. साइटला मेल करून संमती मागे घेतल्याचं कळवा आणि माहिती पुसायला सांगा. मग १९०९ वर डीएनडी नोंदवा. आधी १९०९ आणि मग साइट, असं उलटं केलं तर फोन चालूच राहतात, कारण दिलेली संमती डीएनडीवर भारी पडते.

पैसे गेलेच तर तास न दवडता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता येतात, ते उशीर केला नाही तरच. बँकेनं माहितीबद्दलची लेखी तक्रार ३० दिवसांत निकाली काढली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ती फुकट नोंदवता येते. त्यासाठी पहिल्या तक्रारीची पोच जपून ठेवा. तिची झेरॉक्स मात्र बिनधास्त काढा.