फलकावर लिहिण्याआधी बॉक्सिंगच्या जुन्या कथा कशा पारखायच्या

कोल्हापुरात कुस्तीबद्दल काही चुकीचं फलकावर लिहिलं तर ते संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. पेठेतलाच कुणी जाणता उभा राहून पुसायला लावतो. बॉक्सिंगला असे राखणदार कमी. त्यामुळे शाळेच्या प्रश्नमंजूषेत, क्रीडा दिनाच्या फलकावर आणि मोबाइलवरच्या पोस्टमध्ये ऐकीव माहिती वर्षानुवर्षं फिरत राहते. ती रोखायची तर कुठल्याही लढतीबद्दल पहिला प्रश्न हा विचारा: त्या दिवशी नियम कोणते होते? खासबागेतली निकाली कुस्ती मॅटवरच्या गुणांनी कुणी मोजत नाही. जुन्या बॉक्सिंग लढती मात्र सर्रास आजच्या नियमांनी मोजल्या जातात, आणि निम्मे गैरसमज तिथंच जन्मतात.

राउंडांचा आकडा मिनिटांत उतरवा

8 जुलै 1889 ला अमेरिकेत मिसिसिपीतल्या रिचबर्गला जॉन एल. सुलिव्हन आणि जेक किलरेन उघड्या मुठींनी लढले. 75 राउंड झाल्यावर किलरेनच्या माणसांनी माघार घेतली. आजचा राउंड 3 मिनिटांचा, म्हणून 75 गुणिले 3 करून ‘पावणेचार तास ठोसे’ असं कुणीतरी लिहितं. लढत प्रत्यक्षात 2 तास 16 मिनिटांची होती. ती लंडन प्राइझ रिंगच्या नियमांनी झाली. त्यात एक जण खाली पडला की राउंड संपे, मग तो ठोशानं पडो की उचलून आपटल्यानं. पुढं 30 सेकंद विश्रांती, आणि नंतरच्या 8 सेकंदांत स्वतःच्या पायांनी मधल्या रेषेवर यायचं. आता हिशेब करा. 136 मिनिटांतून 74 विश्रांत्यांची 37 मिनिटं वजा जाता 99 उरतात, म्हणजे राउंड सरासरी 80 सेकंदांचा. ते 8 सेकंदही धरले तर आणखी कमी. यानं दोघांची चिवटाई कमी होत नाही, जुलैच्या उन्हात ते दोन तासांहून जास्त उभे होते. पण आकडा खरा हवा.

याच लढतीनं आणखी एक समज खोटा ठरतो. 1867 मध्ये ग्लोव्हज सक्तीचे करणारे क्वीन्सबेरी नियम आले आणि उघड्या मुठींचं बॉक्सिंग संपलं, असं लिहितात. ही लढत त्यानंतर 22 वर्षांनी झाली. हेवीवेटचं, म्हणजे सर्वांत जड वजनगटाचं, जगज्जेतेपद ग्लोव्हजच्या लढतीत एकाकडून दुसऱ्याकडे गेलं ते 7 सप्टेंबर 1892 ला, न्यू ऑर्लिन्समध्ये जेम्स कॉर्बेटनं सुलिव्हनला 21 व्या राउंडमध्ये हरवलं तेव्हा. आणि ते नियम क्वीन्सबेरीच्या उमरावानं लिहिलेलेही नाहीत. मसुदा जॉन ग्रॅहॅम चेंबर्सचा, उमरावाचं फक्त नाव आणि पाठिंबा. प्रश्नमंजूषेत ‘नियम कुणी लिहिले’ असं विचारलंत तर उत्तरपत्रिकेत चेंबर्सच हवा.

ग्लोव्हज कुणाला वाचवतात?

ग्लोव्हजमुळे डोकं वाचतं, हा सगळ्यांत घातक गैरसमज. तो फक्त इतिहासापुरता राहत नाही, सराव करणाऱ्या पोरांपर्यंत पोचतो. ग्लोव्हज आणि आतली पट्टी आधी हात वाचवतात. उघडी मूठ कपाळावर बसली तर करंगळीमागचं हाड मोडायची भीती असते, म्हणून जुने लढवय्ये डोक्यावर जपून मारत आणि अंगावर जास्त. हात सुरक्षित झाल्यावर डोक्यावरचे ठोसे वाढले. हेडगार्डचंही तसंच. तो जखम आणि सूज कमी करतो, पण डोकं झटक्यानं फिरल्यावर आत मेंदूला बसणारा हिसका थांबवत नाही. हौशी पुरुष गटात 2013 पासून तो काढला गेला आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याशिवाय लढले. फलकावर ‘ग्लोव्हज: हातांच्या रक्षणासाठी’ एवढंच लिहा.

जुनी फिल्म घड्याळ लावून बघताना

22 सप्टेंबर 1927, शिकागो. सातव्या राउंडमध्ये जॅक डेम्प्सीनं जीन टनीला पाडलं. पंचानं दहा मोजेपर्यंत न उठणारा बाद होतो. टनी 14 सेकंदांच्या आसपास खाली होता, तरी लढत चालू राहिली आणि टनी गुणांवर जिंकला. ‘पंचानं डेम्प्सीचा विजय चोरला’ ही कथा इथून निघाली. पुन्हा नियम बघा: पाडणाऱ्यानं दूरच्या मोकळ्या कोपऱ्यात गेल्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही. डेम्प्सी तिथंच उभा राहिला, म्हणून मोजणी उशिरा सुरू झाली. टनी पंचाच्या नऊ आकड्यांवर उठला, आणि खाली असलेल्यानं नऊपर्यंत दम घेणं हा शहाणपणाच आहे.

फिल्मवर सेकंद मोजणार असाल तर एक धोका लक्षात घ्या. मूकपटाच्या काळातल्या फिल्मा आजच्या वेगानं चालवल्या की माणसं पळताना दिसतात आणि वेळ कमी भरते. आधी न कापलेला एक पूर्ण राउंड मोजा. तो 180 ऐवजी 150 सेकंदांत संपला तर फिल्म 1.2 पट वेगानं धावतेय, म्हणून मोजलेल्या प्रत्येक सेकंदाला 1.2 नं गुणा. त्या क्लिपवर 12 सेकंद दिसले तर खरे 14.4. राउंड मधेच कापलेला असेल तर ही पद्धत लागू पडत नाही, ती क्लिप बाजूला ठेवा.

‘पहिला’ आणि ‘एकमेव’

हे दोन शब्द दिसले की वजनगट, स्त्री की पुरुष, हौशी की व्यावसायिक, हे शेजारी लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नका. खाशाबा जाधवांचं 1952 चं कांस्य ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक’ असं आपण पूर्ण लिहितो, तीच शिस्त इथं हवी. जॅक जॉन्सन (सिडनी, 26 डिसेंबर 1908) पहिला कृष्णवर्णीय *हेवीवेट* जगज्जेता. त्याआधी खालच्या वजनगटांत जॉर्ज डिक्सन आणि जो गॅन्स जगज्जेते झालेच होते. रॉकी मार्सियानो 49 पैकी 49 जिंकून निवृत्त झाला, पण ‘एकमेव अपराजित बॉक्सर’ नव्हे. फ्लॉइड मेवेदरच्या नावावर 50 पैकी 50 आहेत. भारताचं पहिलं ऑलिम्पिक बॉक्सिंग पदक विजेंदर सिंगचं, 2008, बीजिंग, 75 किलो. मेरी कोम (2012, लंडन, 51 किलो) हे पदक मिळवणारी पहिली भारतीय *महिला* बॉक्सर. दोघांनाही कांस्य मिळालं ते उपांत्य फेरीत हरल्यावर. ऑलिम्पिक बॉक्सिंगमध्ये उपांत्य फेरीतल्या दोन्ही पराभूतांना कांस्य देतात, त्यामुळे ‘तिसऱ्या क्रमांकाची लढत जिंकली’ असं लिहू नका.

अमेरिकेतल्या जुन्या बॉक्सरांच्या विजयांचे आकडे दोन ठिकाणी वेगळे दिसले तर घाबरू नका. न्यूयॉर्कमध्ये 1911 ते 1917 या काळात दोघंही शेवटपर्यंत उभे राहिले तर निकालच देत नसत. दुसऱ्या दिवशी वार्ताहर आपापल्या वर्तमानपत्रात विजेता ठरवत. काही याद्या ते निकाल धरतात, काही नाही. दोन्ही याद्यांचे आकडे मिसळायचे नाहीत.

मुहंमद अली

सनी लिस्टनला हरवून अली हेवीवेट जगज्जेता झाला. पडलेल्या लिस्टनवर ओरडणाऱ्या अलीचा फोटो ‘1964, जगज्जेता झाला तो क्षण’ म्हणून छापतात. तो 25 मे 1965 चा, अमेरिकेतल्या लुइस्टन गावी झालेल्या दोघांच्या दुसऱ्या लढतीचा. ओळखायची खूण सोपी: 1964 च्या मायामी बीचच्या लढतीत लिस्टन खाली पडलाच नव्हता, सातव्या राउंडला तो स्टुलावरून उठला नाही. 1960 च्या बातम्या शोधताना कॅशियस क्ले हे नाव टाका, अली हे नाव 1964 चं.

रोमचं सुवर्णपदक त्यानं ओहायो नदीत फेकल्याची गोष्ट सर्वांना पाठ आहे. ती त्याच्या आत्मचरित्रातून पसरली. जवळच्या माणसांनी मात्र पदक हरवल्याचं सांगितलं. अशा वेळी फलकावर बाजू घेऊ नका. असं लिहा: ‘1960, रोम, लाइट हेवीवेट सुवर्ण. मूळ पदक कसं गेलं याच्या दोन हकिकती आहेत. 1996 मध्ये अटलांटा ऑलिम्पिकवेळी त्याला बदली पदक दिलं.’