बास्केटबॉलमध्ये वीस वर्षं टिकायचं असेल तर काय करायचं

बऱ्याच जणांना वाटतं करिअर लांबवणं म्हणजे पस्तिशीनंतर कडक डाएट आणि बर्फाच्या पाण्यात बसणं. खरं काम त्याच्या खूप आधी सुरू होतं, सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी, जेव्हा उडी अजून मस्त लागत असते आणि काही बदलायची गरजच वाटत नाही. जे खूप वर्षं खेळले त्यांचा गेम बघा, त्यातल्या बहुतेकांनी पाय थकायच्या आधीच दुसरं काहीतरी हातात तयार ठेवलेलं असतं.

म्हणून आधी स्वतःच्या पाच-सहा मॅचचे व्हिडिओ काढा आणि वही घेऊन बसा. किती बास्केट नुसत्या स्पीड आणि उडीवर आल्या, किती शॉट, पास आणि योग्य जागी उभं राहिल्यामुळे आल्या, हे वेगवेगळं लिहा. पहिला आकडा निम्म्याच्या वर असेल तर आजपासून शूटिंगला लागा, कारण स्पीड जातोच, शॉट मात्र शेवटपर्यंत राहतो.

जेसन किड १९९४ मध्ये एनबीएमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात मोठी बास्केटबॉल लीग) आला तेव्हा बाहेरून शॉट मारणं हीच त्याची कमजोरी होती, आणि २०१३ मध्ये रिटायर झाला तेव्हा लीगच्या इतिहासात त्याच्यापेक्षा जास्त थ्री पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) फक्त दोघांचे होते! मधे २०११ ला डॅलसकडून ३८ व्या वर्षी चॅम्पियनपण झाला. ब्रूक लोपेझचं तर अजून भारी, पहिल्या आठ सीझनमध्ये मिळून फक्त ३ थ्री पॉइंटर आणि मग २०१६-१७ च्या एका सीझनमध्ये १३४. सात फुटी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेअर), रोज आत धक्के खाऊन गुडघे घासण्यापेक्षा बाहेर सरकला आणि २०२१ ला मिलवॉकीबरोबर टायटल जिंकला. करीम अब्दुल-जब्बारकडे स्कायहूक (एका हाताने डोक्यावरून वळवून टाकायचा शॉट) होता, त्याला उंच उडी लागतच नाही, फक्त उंची, टायमिंग आणि मनगट. २० सीझन, ३८,३८७ पॉइंट्स, आणि १९८५ मध्ये फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम प्लेअर) तोही ३८ व्या वर्षी.

आता शरीर. बास्केटबॉलमध्ये उडीपेक्षा खाली येताना जास्त मार बसतो, त्यामुळे लँडिंग शिका, गुडघे आत न वळवता, शक्यतो दोन पायांवर, आवाज न करता. घोटा एकदा मुरगळला की परत मुरगळायची शक्यता वाढते, म्हणून सूज गेली की झालं असं समजू नका, एका पायावर तोल सांभाळायचे व्यायाम पुढे कित्येक महिने चालू ठेवा (हे सगळ्यात बोअर काम आहे म्हणून सगळे हेच सोडतात). गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय, वॉर्मअप झाला की कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना परत जाणवतं, तर ते बहुतेक टेंडनचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं) दुखणं. नुसत्या विश्रांतीने ते बरं होत नाही, खेळायला लागलात की परत येतं. फिजिओला दाखवा, उड्या कमी करा पण हळू, जड स्क्वॉट चालू ठेवा, मांडी आखडून ४५ सेकंद धरायचा व्यायाम पाच वेळा केला तर बऱ्याच जणांना आराम पडतो.

झोपेबद्दल कोणी सिरियस नसतं. स्टॅनफर्डमध्ये कॉलेजच्या प्लेअर्सना रोज १० तास अंथरुणात राहायला लावलं, त्याचा अभ्यास २०११ मध्ये आला, त्यात फ्री थ्रो आणि थ्री पॉइंटर दोन्ही साधारण ९ टक्क्यांनी सुधारले. फुकटचा उपाय आहे!!

ऑपरेशन झालं म्हणजे संपलं असंही नाही. अमेरिकेच्या महिला लीगमधल्या सू बर्डचे २०१३ आणि २०१९ असे दोन अख्खे सीझन गुडघ्यामुळे गेले तरी ती २०१८ आणि २०२० ला सिएटलबरोबर चॅम्पियन झाली, आणि रिटायर झाली २०२२ मध्ये.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे मिनिटं, म्हणजे कोर्टवरचा वेळ, सोडणं. विन्स कार्टर एकेकाळी अख्ख्या लीगचा सगळ्यात मोठा डंकर (उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबणारा), तो पुढे बेंचवरून यायला तयार झाला, कॉर्नरमधून शॉट मारायचा, नवीन पोरांना शिकवायचा, म्हणून १९९८ ते २०२० असे २२ सीझन आणि चार वेगवेगळ्या दशकांत खेळला. मला त्याच्या डंकपेक्षा त्या शेवटच्या वर्षांबद्दल जास्त आदर वाटतो. सॅन अँटोनियोची टीम २०१४ ला एनबीए जिंकली त्या रेग्युलर सीझनमध्ये त्यांच्या एकाही प्लेअरची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नव्हती, त्यांचा स्टार टिम डंकनचीसुद्धा. तेव्हा कोचने बसवायची वाट बघू नका, सीझन सुरू व्हायच्या आधीच जाऊन बोला, लागोपाठच्या मॅच, मिनिटं, प्रॅक्टिसमधल्या उड्या, सगळं ठरवून घ्या. आणि बदल्यात तुम्ही काय देणार तेही सांगा, स्क्रीन (आपल्या प्लेअरसाठी समोरच्याची वाट अडवणं), बॉक्स आउट (हुकलेला बॉल मिळवायला समोरच्याला पाठीने मागे ठेवणं), डिफेन्समध्ये ओरडून सगळ्यांना जागा दाखवणं, कारण टीम म्हाताऱ्या प्लेअरला ठेवते ती ह्याच कामांसाठी.

ऑफ सीझनमध्ये पहिले दोन आठवडे बॉल बाजूला ठेवला तरी चालेल पण पूर्ण बसून राहू नका, सायकल, पोहणं, वेट्स चालू ठेवा. कँपच्या (सीझनआधीच्या टीमच्या शिबिराच्या) पहिल्या आठवड्यात एकदम फुल स्पीडने उड्या मारायला लागलं की पोटऱ्या आणि टेंडन तिथेच जातात, म्हणून कँपच्या दीड-दोन महिने आधीपासून दर आठवड्याला उड्या मोजून थोड्या थोड्या वाढवत न्या.