पक्षाघातानंतर इनसोल वापरताना या चुका टाळा
पक्षाघातातून उठलेला माणूस उभा राहताना नकळत चांगल्या पायावरच भार टाकतो. पायाचे माप घेऊन बनवलेला इनसोल, म्हणजे बुटात आत ठेवायची गादी, तळव्याला आधार देतो आणि तो भार थोडा दुर्बल पायाकडे वळवू शकतो. मात्र चालताना पाऊल लोंबून बोटे जमिनीला घासत असतील, तर नुसत्या इनसोलने ते उचलले जाणार नाही, त्यासाठी बहुधा एएफओ स्प्लिंट, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा कडक आधार, लागते.

काही रुग्णांना चांगल्या पायाच्या बुटात इनसोल घालून मुद्दाम थोडी उंची दिली जाते, कारण त्यामुळे शरीर दुर्बल पायाकडे झुकते. घरच्यांना हे उलटे वाटते आणि ते तो इनसोल दुसऱ्या बुटात घालतात. असा बदल फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नये.

बुटातील मूळ गादी न काढताच वर इनसोल ठेवला, की टाच वर येते, बूट सैल धरतो आणि तोल आणखी जातो. चप्पल तर टाळावीच. टाचेकडे कडक, पुढे रुंद आणि वेलक्रोचा बूट घ्यावा, म्हणजे एका हाताने तो घालता येतो. पायाला संध्याकाळी सूज येत असेल तर माप त्याच वेळी द्यावे.

सर्वांत महागात पडणारी चूक मला वाटते ती घरातली. आपल्याकडे बूट दाराशीच उतरतात, आणि रुग्ण दिवसभर अनवाणी वा गुळगुळीत स्लिपरवर, ओल्या न्हाणीघरापर्यंत, इनसोलविना वावरतो. केवळ घरात वापरायचा स्वच्छ जोड वेगळा ठेवावा आणि न्हाणीघरात पकडायला दांडा व न घसरणारी चटई असावी.

पहिल्या दिवशी तासभरच घालून वेळ हळूहळू वाढवावा. संवेदना कमी असलेल्या पायाला टोचणे कळत नाही, त्यामुळे बूट काढल्यावर तळवा, टाच आणि बोटांच्या फटी आरशात किंवा दुसऱ्याच्या नजरेने तपासाव्यात. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर इनसोल वापरणे थांबवून तो बनवणाऱ्याला दाखवावा. मधुमेह असलेल्यांनी यात एक दिवसही हयगय करू नये.

स्नायूंचा ताठरपणा बदलतो तसे पाऊल टेकण्याची पद्धतही बदलते, म्हणून ताठरपणा कमी करणारे बोटॉक्सचे इंजेक्शन घेतल्यानंतर किंवा स्प्लिंट बदलल्यानंतर जुना इनसोल तसाच न वापरता मापे पुन्हा घ्यावीत.