ठाणे-नवी मुंबईच्या बाल्कनीत लार्कस्पर

लार्कस्पर हे थंडीचं फूल, आणि आपल्याकडे थंडी मोजकीच. म्हणून इथे सगळा खेळ वेळेचा आहे. ऑक्टोबर हीटमध्ये पेरलेलं बी बहुधा रुजतच नाही. तुळशीचं लग्न लागलं, पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला, की पेरा.

त्याच्या दहा-पंधरा दिवस आधी बी ओलसर टिश्यू पेपरात गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. पिशवीवर ठळक अक्षरात ‘विषारी’ लिहा. या झाडाचा प्रत्येक भाग विषारी असतो, बी तर फारच. बी ताजंच घ्या, जुन्याची उगवण कमी होते.

कुंडी 12 इंची आणि खोल हवी, कारण मुळी सरळ खाली जाते. म्हणूनच रोप उपटून दुसरीकडे लावलेलं याला सोसत नाही. बी थेट कुंडीतच पेरा. माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारखं घ्या, मूठभर जाडी वाळू मिसळा. पाणी तळाशी साचता कामा नये.

बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरून मातीने पूर्ण झाका. त्याला रुजायला अंधार लागतो. वर ओलं गोणपाट टाकून कुंडी सावलीत ठेवा. दोन-तीन आठवडे धीर धरा, पण रोज गोणपाट उचलून बघा. कोंब दिसताच गोणपाट काढा आणि कुंडी सकाळच्या उन्हात आणा.

आधीची दोन पानं साधी असतात. नंतरची बारीक चिरलेली येतात, थेट शेपूसारखी. त्यामुळे ही कुंडी कोथिंबीर-शेपूच्या शेजारी अजिबात ठेवू नका. घाईत कुणी खुडलं तर अनर्थ होईल. घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल, तर मी हे झाड लावूच नका म्हणेन.

कुंडीत तीन रोपं पुरेत. जास्तीची कात्रीने बुडाशी कापा. ओढलीत तर शेजारच्याची मुळं हलतात. वीतभर वाढल्यावर काठी रोवून सुतळीने सैल बांधा. पाणी सकाळी, बुंध्याशीच. पानं भिजत राहिली आणि हवा कोंडली, की भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) धरते. मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर निमतेल फवारा.

फुलं साधारण फेब्रुवारीत येतात: निळी, जांभळी, गुलाबी, पांढरी, प्रत्येकीच्या मागे टोकदार शेपटी. थंड प्रदेशात झाड तीन-चार फूट होतं, इथे ठेंगणंच राहतं. मार्चचं ऊन तापलं की ते पिवळं पडतं. तो रोग नव्हे, त्याचं आयुष्यच एका हंगामाचं. शेंगा तपकिरी झाल्या की फुटण्याआधी काढा, बी सावलीत वाळवून घट्ट झाकणाच्या बाटलीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.