कॅमेरा कपाटात जपून ठेवू नका

नवा कॅमेरा घेतलेली माणसं मला हमखास विचारतात, "रविवारी कुठे जाऊ फोटो काढायला?" कुठेही जाऊ नका. सोमवारी ऑफिसला निघताना डब्याशेजारी कॅमेरा टाका आणि रोजची गाडी पकडा.

रविवारचं काय होतं ते सांगते. पहाटे उठून तुम्ही महालक्ष्मीच्या धोबीघाटावर पोचता. पुलावर तुमच्याआधी आलेली मंडळी जागा धरून उभी असतात. जो फोटो काढता तो तुम्हीच आधी शंभरदा कुठे ना कुठे पाहिलेला असतो. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं की हिरमोड. असे काही रविवार गेले की कंटाळा येतो, मग पाऊस येतो, आणि कॅमेरा कपाटात जातो. मुंबईत हा छंद बहुतेकांचा असाच बंद पडतो. कपाटात गेलेल्या कॅमेऱ्याचं पुढे काय होतं, ते मात्र कोणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं.

बुरशी लागते. वरून नाही, लेन्सच्या आत, काचांच्या मधे.

माझी ५० एमएमची लेन्स पहिल्या बोनसमधून घेतलेली. चामड्याच्या पाऊचमध्ये घालून, वर जुन्या ओढणीत गुंडाळून, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली होती. जूनमध्ये ठेवली ती गणपतीत आरतीचे फोटो काढायला बाहेर आली. निरांजनाच्या ज्योतीभोवती धुरकट वलय. मला वाटलं, कापराचा धूर असेल. काच पुसली, तरी तेच. शेवटी मागून मोबाइलचा टॉर्च लावून समोरून पाहिलं, तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. दुरुस्तीवाल्याने उघडून साफ केली, पण बुरशी आम्ल सोडते आणि ते काचेवरचं कोटिंग खातं. ते डाग जात नाहीत. आजही समोरून दिवा आला की त्या लेन्सचा फोटो फिका पडतो. वापरते तीच, पण दर वेळी जीव जळतो.

कारण साधं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बुरशीला ७० सुद्धा पुरते. त्यात कपाट म्हणजे अंधार आणि कोंडलेली हवा, शिवाय चामडं नि कापड ओल धरून ठेवतं. म्हणजे जितकं जपाल तितकं वाईट. रोज हाताळला जाणारा कॅमेरा उजेड आणि वारा खातो, म्हणून टिकतो.

तेव्हा ज्या दिवशी कॅमेरा वापरणार नाही, त्या दिवशी तो एअरटाइट डब्यात. डाळ-तांदळाला घेतो तसलाच मोठा प्लास्टिकचा डबा चालतो. आत ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. ३० च्या खाली गेला तर रबर आणि आतलं ग्रीस सुकतं, म्हणजे तिकडूनही मार आहेच. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की त्यांची ताकद संपली. तापवले की ते पुन्हा निळे होतात, पण त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे, म्हणून पोळ्यांच्या तव्यावर अजिबात नको. कोबाल्ट नसलेले नारिंगी दाणे मिळतात, ते घ्या. तांदळात कॅमेरा पुरण्याचा सल्ला देणाऱ्याला तांदळाचं पीठ लेन्सच्या रिंगमधून काढायला बसवा. बुरशी लागलेली लेन्स बाकीच्या लेन्सांच्या डब्यात ठेवू नका. आणि सेकंडहँड लेन्स घ्यायला बोरा बाजारात गेलात तर टॉर्च लावून बघितल्याशिवाय पैसे काढू नका, दुकानदार कितीही तोंड वाकडं करो.

हे वाचून घाबरला असाल तर एक सांगते, माझा कॅमेरा आता रोज बाहेर असतो आणि त्याला काहीही झालेलं नाही. एसीतून बाहेर पडताना तेवढं सांभाळा. एसी लोकलमधून किंवा ऑफिसातून बाहेरच्या दमट हवेत कॅमेरा काढला की काचेवर लगेच दव धरतं. बॅगेची चेन बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, बस्स.

आता मजेकडे येते. मी भांडुपहून स्लो पकडते, फोर्टात नोकरी. संध्याकाळच्या लेडीज डब्यात कोणी लसूण सोलतं, कोणी गजरा अर्धा करून शेजारणीला देतं, कोणी उभ्या उभ्या झोपतं. एकदा समोरच्या बाई मेथी निवडत होत्या. मांडीवर वर्तमानपत्र, डाव्या हातात जुडी, उजव्या अंगठ्याचं नख काडीवर, पानं पिशवीत आणि काड्या कागदावर. बांगड्या वर सरकवून त्यांना रबर लावलेलं. कुर्ला गेलं, घाटकोपर गेलं, नजर एकदाही खाली नाही, गप्पा चालूच. मी विचारलं, "मावशी, हातांचा फोटो काढू?"

"अगं, हात काय काढतेस, तोंड काढ की! कालच केस रंगवलेत."

तोंडाचाही काढला. तो साधाच आला. हातांचा मात्र आजवरच्या माझ्या सगळ्या फोटोंत मला सगळ्यात आवडतो.

विचारून काढा, हे लेडीज डब्यात तर फारच. लपून काढलेल्या फोटोला 'कँडिड' म्हणायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. समोरची नको म्हणाली की कॅमेरा खाली. प्लॅटफॉर्मवर मोठी लेन्स काढलीत तर पोलीस हटकू शकतात, हुज्जत घालू नका. नौदल आणि गोदीच्या हद्दीत तर काढूच नका.

बाकी बारीकसारीक. चालत्या माणसाला शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद द्या. दुकानांच्या ट्यूबलाइटखाली फोटोत आडवे पट्टे आले तर १/१०० वर या, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. दादरच्या फूलबाजारात भगवा झेंडू ऑटोवर काढलात तर पाकळ्या विरघळून नुसता रंगाचा गोळा उरतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, दोन तृतीयांश स्टॉप (उजेडाचं माप) खाली घ्या, पाकळी न् पाकळी परत येते. मेच्या मध्यावर सूर्य मुंबईच्या बरोब्बर डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी माणसांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात. तेव्हा सावलीत बसलेली माणसं काढा, नाहीतर सरबत प्या.

जेवणाच्या सुट्टीत कधी ओव्हल मैदानावर जाते. एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक, दुसरीकडे आर्ट डेको शैलीच्या, २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या इमारती. मी बहुतेक वेळा त्यांच्याकडे पाठ करून उभी असते, कारण मैदानात एका मॅचचा फाइन लेग दुसऱ्या मॅचच्या पिचवर उभा राहून तिसऱ्या मॅचचा चेंडू परत फेकत असतो.

आता गुरूंबद्दल. 'फक्त मॅन्युअल मोडवर, सगळं हाताने ठरवून शिका' म्हणणाऱ्यांचं ऐकून मी कितीतरी चांगले क्षण डायल फिरवण्यात घालवले. अॅपर्चर प्रायॉरिटी लावा, म्हणजे लेन्स किती उघडायची ते तुम्ही ठरवता आणि शटर कॅमेरा ठरवतो, आणि समोर बघा. प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर फोटोचे रंग बदलणारी तयार सेटिंग्ज, विकणाऱ्यांना तर दारातही उभं करू नका, त्यांच्या फोटोंत भायखळा आणि बाली एकाच रंगाचे दिसतात. वीसजणांचा फोटोवॉक नेऊन एका म्हाताऱ्या कोळणीवर वीस लेन्स रोखायला लावणारे सरही मला आवडत नाहीत. त्यापेक्षा होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो शोधून बघा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जन्म १९१३चा, शिक्षण आपल्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. नेहरू आणि माउंटबॅटन यांचे फोटो फार पुढचे. त्याआधी होमाईंनी मुंबईतल्या आपल्या वर्गमैत्रिणी टिपल्या, सहली टिपल्या, रोजचं शहर टिपलं. त्यातले बरेच फोटो सुरुवातीला नवऱ्याच्या नावाने छापले गेले.

तुमचे पहिले कित्येक महिन्यांचे फोटो वाईट येतील. माझे अजूनही येतात. आठवड्याला एक बरा निघाला तरी मी खूश असते. जो बरा निघेल त्याचा चार बाय सहाचा प्रिंट काढा आणि ज्याचा आहे त्याला द्या. लॅबवाला फार पैसे घेत नाही, आणि दुसऱ्या दिवशीपासून डब्यात तुम्हाला कोणी संशयाने बघत नाही.

याचे तोटेही आहेत. मेथीवाल्या मावशींनी प्रिंट अख्ख्या डब्याला दाखवला आणि आता नातीच्या बारशाला मला बोलावलंय, कॅमेऱ्यासकट. हॉलमध्ये अंधार असतो, माणसं रांगेत उभी राहतात, आणि मला अजून फ्लॅश नीट वापरता येत नाही. कोणाला येत असेल तर शिकवा. बारसं पुढच्या शुक्रवारी आहे.