पॅलाडिनच्या नियमबदलावर चर्चेला बसण्यापूर्वीची तयारी

गणपतीत मुंबई-पुण्याचे खेळाडू रत्नागिरीत घरी आलेले असतील, तेव्हाच आपल्या गटाने एक प्रश्न निकाली काढायचा आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या आपल्या चालू मोहिमेतील पॅलाडिन (शस्त्र आणि जादू दोन्ही वापरणारा योद्धा) २०१४च्या प्लेयर्स हँडबुक या नियमपुस्तकाप्रमाणे ठेवावा, की २०२४च्या आवृत्तीतील बदल त्याला लागू करावेत, हा तो प्रश्न. बैठक दुपारची ठरवावी, कारण संध्याकाळी आरत्या आणि भजने असतात. शिवाय गौरी घरी आल्या की कोणालाही घरातून सोडवून आणणे अवघड होते, म्हणून तो दिवस येण्याआधीच बसावे.

सर्वप्रथम दोन्ही नियमांचा मूळ मजकूर कागदावर छापून आणावा. त्यासाठी महागडी पुस्तके विकत घेण्याची गरज नाही. सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट या मूळ नियमांच्या संचाची ५.१ आवृत्ती (२०१४चे नियम) जानेवारी २०२३ मध्ये आणि ५.२ आवृत्ती (२०२४चे नियम) एप्रिल २०२५ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुली झाली असून पॅलाडिनचा वर्ग (पात्रप्रकार) दोन्हींत आहे. मोबाइलवर वाचू असे म्हणून निघू नये. भाद्रपदातल्या पावसात वीज आणि रेंज एकदमच जाते, आणि मग जो तो स्वतःच्या आठवणीतला नियम सांगू लागतो. छापील पाने प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवावीत.

वाद मुख्यतः डिव्हाइन स्माइटवर, म्हणजे लागलेल्या वाराला जादूचे जास्तीचे डॅमेज (इजा) जोडण्यावर होईल, म्हणून त्यातला फरक प्रत्येकाने आधीच नीट वाचलेला असावा. २०१४च्या नियमांत शस्त्राचा जवळचा वार लागला की स्पेल स्लॉट (स्पेल म्हणजे मंत्र टाकण्याचा मोजका साठा) खर्चून स्माइट करता येते. त्यासाठी वेगळी ॲक्शन (पाळीतली कृती) लागत नाही आणि एका पाळीत जितके वार लागतील तितक्यांदा ती करता येते. २०२४मध्ये स्माइट हा स्पेलच झाला आहे. तो वार लागल्यानंतर लगेच बोनस ॲक्शन (पाळीतली एकुलती जादा कृती) म्हणून टाकायचा असतो, म्हणजे पाळीत एकदाच, आणि बोनस ॲक्शन स्वतःच्याच पाळीत मिळत असल्यामुळे पळणाऱ्या शत्रूवर त्याच्या पाळीत करायच्या ऑपर्च्युनिटी अटॅकला स्माइट जोडता येत नाही. त्याच्या बदल्यात दर लाँग रेस्टमागे (पूर्ण विश्रांतीमागे) एक स्माइट स्लॉटशिवाय मिळते.

यानंतर हिशेब करून आणावा, आणि माझ्या मते संपूर्ण तयारीत सर्वाधिक वेळ यालाच द्यावा. आपला पॅलाडिन पाचव्या लेव्हलचा आहे. त्याच्याकडे पहिल्या लेव्हलचे चार आणि दुसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट आहेत. सगळे स्लॉट स्माइटवरच घातले, तर (पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला दोन, दुसऱ्या लेव्हलच्याला तीन फासे धरून) जुन्या नियमाने दिवसभरात आठ बाजूंचे १४ फासे मिळतात, म्हणजे सरासरी ६३ डॅमेज. नव्या नियमाने फुकटच्या स्माइटचे दोन फासे वाढून ते १६ होतात, म्हणजे सरासरी ७२. दिवसाची बेरीज वाढलेली दिसते. परंतु जुन्या नियमात पाळीतले दोन्ही वार लागत गेले तर हे सारे तीन पाळ्यांत उधळता येते, आणि नव्या नियमात त्याला सात पाळ्या लागतात. पहिल्याच पाळीत दोन मोठे स्लॉट वापरून सरासरी २७ जास्तीचे डॅमेज करणारा पॅलाडिन आता १३.५ वर थांबतो. तेव्हा वर्ग दुबळा केला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याने त्याला कोणता आकडा खटकतो हे आधी ठरवून यावे.

या हिशेबाला अर्थ येण्यासाठी डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) आपल्या मागील काही सेशनच्या नोंदी आणाव्यात. दोन लाँग रेस्टच्या दरम्यान किती लढाया झाल्या आणि प्रत्येक लढाई किती फेऱ्या चालली, एवढे त्यांतून काढले तरी पुरे. आपल्या टेबलावर बहुधा दिवसाला एकच मोठी लढाई होते, असा माझा अंदाज आहे. तो खरा ठरल्यास जुना स्माइट बाकीच्यांना डोईजड वाटणे स्वाभाविक आहे, आणि मग नियम बदलावा की डीएमने लढायांची मांडणी बदलावी, हाही मुद्दा चर्चेला घ्यावा लागेल.

लहान बदलांपैकी ले ऑन हँड्स (स्पर्शाने जखम भरणे) आता ॲक्शनऐवजी बोनस ॲक्शनने होते, एवढे ध्यानात ठेवावे. जखमी सोबत्याला सावरणे आणि स्माइट करणे यांपैकी एका पाळीत एकच निवडावे लागेल. मात्र काउंटरस्पेलची (दुसऱ्याचा स्पेल मोडणाऱ्या स्पेलची) आवृत्ती निश्चित केल्याशिवाय मतदान घेऊ नये. स्माइट स्पेल झाल्यामुळे शत्रूचा जादूगार तो मोडू शकतो. २०२४च्या काउंटरस्पेलमध्ये कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (फासा टाकून वाचण्याची संधी) मिळतो आणि स्पेल मोडला तरी स्लॉट वाया जात नाही, तर २०१४चा काउंटरस्पेल तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्पेल सेव्हविना, स्लॉटसकट बुडवतो. नवा स्माइट आणि जुना काउंटरस्पेल असे मिश्रण पॅलाडिनवर सरळ अन्याय करणारे आहे. सायलेन्स या आवाज बंद करणाऱ्या स्पेलच्या क्षेत्रात नवा स्माइट टाकताच येत नाही, हेही डीएमने आधी सांगून ठेवावे.

निर्णय कोणी घ्यायचा, हे चर्चा सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे. माझी सूचना अशी की सर्वांचे ऐकून डीएमने निर्णय द्यावा, परंतु पॅलाडिन खेळणाऱ्याचे बोलणे प्रथम आणि मध्ये न तोडता ऐकावे, कारण पात्र त्याचे आहे. बदल मंजूर झाल्यास त्याला स्पेलची यादी आणि फीट (खास कौशल्य) नव्याने निवडण्याची मुभा द्यावी. बोनस ॲक्शनवर चालणारे पोलआर्म मास्टर हे फीट त्याने घेतलेले असेल, तर ही मुभा अधिकच आवश्यक ठरते. चाचणीसाठी डीएमने एक जुनी लढाई निवडून ठेवावी, आणि चहा झाल्यावर तीच लढाई दोन्ही नियमांनी एकेकदा खेळून पाहावी.