आफ्रिकेच्या दक्षिणेतली सफारी: आधी महिना आणि जमीन ठरवा, लॉज नंतर

लॉजचे फोटो पाहून सफारी ठरवली की पैसे भलत्याच ठिकाणी खर्च होतात. खोलीत तुम्ही झोपायला आणि दुपारच्या उन्हात पडायला येणार. पहाटेचे तीन-चार तास आणि संध्याकाळचे तीन-चार तास गाडीतच जाणार. त्या वेळात काय दिसेल, किती जवळून आणि किती गर्दीत, हे महिना, जमिनीचा प्रकार आणि एका गाडीत बसणारी माणसं यांवर अवलंबून असतं. याच क्रमानं ठरवत गेलात तर शेवटी दोन-तीनच लॉज उरतात आणि त्यांतला कुठलाही चालतो.

महिना

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. पानं गळतात, गवत आडवं पडतं, रानातली डबकी आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्याकडे येऊ लागतात. पहिल्यांदाच जाणार असाल तर ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर धरा. ऑक्टोबरमध्ये प्राणी आणखी सहज दिसतात, पण झांबेझी नदीच्या खोऱ्यात आणि झांबियातल्या साउथ लुआंग्वा उद्यानात पारा चाळिशीला टेकतो. जून-जुलैत उलट त्रास: दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर उद्यानात पहाटे पाच-सहा अंश असू शकतात आणि उघड्या गाडीत वारा लागतो तो वेगळाच. आफ्रिका म्हणजे ऊन, अशा समजुतीनं सुती शर्ट घेऊन गेलेली माणसं पहिल्या सकाळीच घोंगडीत गुरफटून बसतात आणि त्यांना काही दिसत नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. भाव उतरतात, स्थलांतरित पक्षी येतात, इम्पाला हरणांची पिल्लं जन्मतात, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असतं. पण गवत कमरेएवढं होतं आणि पाणी सगळीकडे असल्यामुळे जनावरं पांगतात. पक्षी पाहणाऱ्यांनी आणि दुसऱ्यांदा जाणाऱ्यांनी हे महिने जरूर घ्यावेत. झांबियातल्या साउथ लुआंग्वामधले कित्येक कॅम्प मात्र या काळात बंदच असतात, कारण तिथली काळी चिकणमाती भिजली की रस्ते उरत नाहीत.

ओकावांगोचा हिशेब वेगळा. बोत्स्वानातल्या या त्रिभुज प्रदेशाचं पाणी अँगोलाच्या डोंगराळ भागातल्या पावसाचं असतं आणि सपाट जमिनीवरून ते इतकं सावकाश सरकतं की पोचायला काही महिने लागतात. त्यामुळे पूर सर्वांत जास्त असतो तो साधारण जून ते ऑगस्टमध्ये, जेव्हा तिथे पावसाचा थेंबही नसतो. मोकोरो, म्हणजे लांब काठीनं ढकलायची अरुंद होडी, हेच आकर्षण असेल तर हे महिने गाठा. पुराची पातळी दरवर्षी बदलते. म्हणून कॅम्पला नेमकं विचारा: आमच्या तारखांना तुमच्याकडे होडी चालते का, की फक्त गाडी? ‘वॉटर कॅम्प’ असं नाव असलं तरी वर्षअखेरीस समोर कोरडं गवत असू शकतं.

जमीन

इथेच बहुतेकांची गफलत होते. सरकारी उद्यान आणि खासगी राखीव क्षेत्र यांत प्राणी तेच, नियम मात्र वेगळे.

दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर सरकारी आहे, सॅनपार्क्स ही संस्था ते चालवते. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ३५० किलोमीटर. आत डांबरी रस्ते आहेत, साधी सेडान चालते. डांबरीवर वेगमर्यादा ताशी ५०, खडीच्या रस्त्यावर ४० किलोमीटर. रस्ता सोडून आत जाता येत नाही, ठरावीक जागा सोडल्या तर गाडीतून उतरता येत नाही, आणि फाटक बंद व्हायच्या आत कॅम्पवर पोचावं लागतं, नाहीतर दंड. फाटकाच्या वेळा महिन्यागणिक बदलतात, त्या आधी पाहून ठेवा. सिंह रस्त्याकडेला बसला असेल तर वीस गाड्यांची रांग लागते. ते टाळायचं असेल तर स्कुकुझा आणि लोअर साबी या दक्षिणेकडच्या कॅम्पच्या परिसरातून बाहेर पडून सातारा नावाच्या कॅम्पच्या उत्तरेला जा. सिंह थोडे कमी दिसतील, पण रस्ते मोकळे मिळतील.

क्रुगरच्या पश्चिमेला लागून साबी सँड, टिंबावाटी, क्लासेरी, मन्येलेती ही राखीव क्षेत्रं आहेत. त्यांच्या आणि क्रुगरच्या मध्ये कुंपण नाही, जनावरं मोकळी ये-जा करतात. फरक असा की तिथला गाइड बिबट्यामागे झुडपात गाडी घालू शकतो, अंधार पडल्यावर दिवा लावून फिरू शकतो, आणि एका प्राण्याजवळ सहसा दोन-तीनच गाड्या थांबतात. गाडीच्या बॉनेटवरच्या छोट्या खुर्चीत माग काढणारा ट्रॅकर बसतो आणि निम्मं काम त्याच्या नजरेचं असतं. बिबट्या नीट पाहायचा असेल तर साबी सँडला तोड नाही. भाव अर्थात क्रुगरच्या कॅम्पच्या कितीतरी पट.

बजेट मर्यादित असेल तर दोन्ही जोडा. आधी क्रुगरमध्ये स्वतःच्या गाडीनं तीन रात्री, मग खासगी क्षेत्रात तीन. क्रम उलटा करू नका; आधी जवळून बिबट्या पाहिला की नंतर डांबरी रस्त्यावरून दिसणारी शेपटी गोड लागत नाही. खासगी लॉजवर दोनच रात्री घेणं हा सर्वांत महाग पडणारा काटकसरीचा प्रकार, कारण येण्या-जाण्यात एक दिवस जातो आणि हातात जेमतेम चार फेऱ्या उरतात.

नामिबियातल्या एटोशा उद्यानात पद्धत आणखी सोपी. मधोमध सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचं पांढरं मिठागर आणि कडेनं पाणवठे. कोरड्या दिवसांत गाडी पाणवठ्यावर उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि दोन तास हलायचं नाही. दर दहा मिनिटांनी पुढचा पाणवठा गाठणाऱ्यांना निम्मंही दिसत नाही. ओकाउकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. जेवण लवकर उरकून तिथे बसा. काळा गेंडा पाहायची याहून स्वस्त सोय क्वचितच मिळेल.

पायी फिरायचं असेल तर झांबियातलं साउथ लुआंग्वा किंवा झिंबाब्वेतलं माना पूल्स. क्रुगरमध्येही बंदूकधारी गाइडबरोबर पायी फेरी मिळते, वयाची किमान अट १२ वर्षं. लॉजमध्ये ही अट बरेचदा १६ असते आणि सहा वर्षांखालच्या मुलांना पुष्कळ ठिकाणी गाडीतही घेत नाहीत. मुलं बरोबर असतील तर पैसे भरण्याआधी हे लेखी घ्या.

लॉजला काय विचाराल

एका गाडीत किती माणसं? सहा असतील तर प्रत्येकाला कडेची जागा मिळते. नऊ-दहा असतील तर मधल्याला दोन्ही बाजूंनी डोकी दिसतात. फोटोग्राफीसाठी जात असाल तर खासगी गाडीचा दर विचारा. चार जणांत वाटला तर तो परवडू शकतो.

दरात काय धरलंय? सहसा तिन्ही जेवणं आणि दिवसाला दोन फेऱ्या असतात. राखीव क्षेत्राचं शुल्क, विमानतळावरून नेणं-आणणं, उंची मद्य आणि टिप्स बहुधा वेगळ्या. एकट्या प्रवाशाला ‘सिंगल सप्लिमेंट’, म्हणजे एकट्यानं खोली घेण्याचा जादा आकार, लागतं, पण पावसाळ्यात ते माफ करणारे कॅम्प असतात, विचारायला लाजू नका. ओकावांगोतल्या चांगल्या कॅम्पचा मोसमातला दर माणशी एका रात्रीला हजार अमेरिकी डॉलरच्या पुढे सहज जातो, कारण मोठ्या क्षेत्रात मोजक्याच खाटा ठेवायचं धोरण आहे आणि भाजीपासून डिझेलपर्यंत सगळं दुरून येतं. क्रुगरच्या सरकारी कॅम्पचं आरक्षण सुमारे ११ महिने आधी उघडतं आणि शाळांच्या सुट्ट्यांतल्या खोल्या लगेच संपतात.

कॅम्पला कुंपण आहे का? बोत्स्वाना-झांबियात बहुधा नसतं. रात्री तंबूपर्यंत सोडायला माणूस येतो. तो आल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, अंतर वीस पावलांचं असलं तरी. तंबूत खाणं ठेवू नका. माना पूल्समध्ये ताजी फळं आणायला मनाई आहे, कारण संत्र्याच्या वासावर हत्ती गाडीसुद्धा फोडतो.

सिंहाच्या छाव्याला दूध पाजणं, त्याच्याबरोबर चालणं, हत्तीवर बसणं असलं काही जाहिरातीत दिसलं तर ती जागा सोडा. असे छावे मोठे झाले की बंदिस्त शिकारीच्या धंद्यात जातात, हे इतकं उघड झालं की बंदिवासातली सिंहपैदास थांबवायचं धोरण दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं २०२१ मध्ये जाहीर केलं.

सामान

ओकावांगोजवळच्या माउन गावाहून कॅम्पला नेणारं विमान छोटं असतं. मर्यादा बहुधा २० किलो, त्यात कॅमेरा आणि हातातली पिशवीही आली. बॅग मऊ हवी, चाकं आणि सांगाडा नसलेली, साधारण २५ × ३० × ६२ सेंटिमीटर. कडक सूटकेस सामानाच्या कप्प्यात शिरतच नाही आणि मग ती माउनलाच राहते. वजन १०० किलोच्या पुढे असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, जादा आसन घ्यावं लागू शकतं. कपडे कमीच न्या, बहुतेक कॅम्पवर रोज धुऊन मिळतात.

रंग खाकी, तपकिरी, फिका हिरवा. काळा आणि गडद निळा टाळा, त्यावर चावणाऱ्या त्सेत्से माशा धावतात. लष्करी छापाचे कपडे मुळीच नकोत. झिंबाब्वे, झांबिया आणि बोत्स्वानात सामान्य माणसानं ते घालणं बेकायदा आहे. ड्रोन घरीच ठेवा. दुर्बीण माणशी एक हवी, ८×४२ पुरे. दोघांत एक म्हणजे वाद ठरलेला. लेन्स ४०० मिलिमीटरपर्यंतची घ्या, तिपाईऐवजी धान्याची छोटी पिशवी टेकू म्हणून वापरा आणि चालत्या गाडीत लेन्स बदलू नका, धूळ थेट सेन्सरवर बसते. सौरऊर्जेवरच्या कॅम्पमध्ये चार्जिंग ठरावीक वेळीच असतं, म्हणून दोन जादा बॅटऱ्या न्या.

गाडीत वागणं

उभं राहू नका, हात बाहेर काढू नका. सिंहाला गाडी आणि माणसं मिळून एकच आकार दिसतो. कुणी उठलं की तो आकार मोडतो आणि त्याला माणूस दिसतो. गेंड्याचा फोटो टाकताना ठिकाण लिहू नका आणि फोनमधली स्थाननोंद बंद ठेवा, चोरट्या शिकाऱ्यांना तेवढा माग पुरतो.

स्वतः चालवत असाल तर हत्तीला जागा द्या. कान फुलवून, धूळ उडवत येणारा बहुधा दम देत असतो. कान मागे घेऊन, सोंड आत वळवून मुकाट्यानं येणारा खरा हल्ला करतो. गंडस्थळातून पाझर, मागचे पाय ओले आणि उग्र वास, म्हणजे नर माजावर आहे. दिसताक्षणी सावकाश मागे सरका. त्यासाठी मागचा रस्ता आधीपासून मोकळा हवा, दोन गाड्यांच्या मध्ये अडकू नका.

स्वतःची गाडी

क्रुगरमध्ये प्राणी पाहत जाताना ताशी २०-२५ किलोमीटरच पडतात. स्कुकुझा ते सातारा हे सुमारे ९० किलोमीटर म्हणजे अर्धा दिवस धरा. नकाशावरचं अंतर पाहून दिवसाला २०० किलोमीटर आखणारे संध्याकाळी फाटकाकडे धावत सुटतात, तेही नेमकं बिबट्या बाहेर पडायच्या वेळी.

नामिबियाच्या खडीच्या रस्त्यांवर ताशी ८०च्या वर जाऊ नका. टायर घसरतो, चालक जोरात स्टिअरिंग फिरवतो आणि गाडी उलटते. समोरून कुणी आलेलंही नसतं. दोन जादा टायर घ्या आणि विम्यात टायर, काच व गाडीचा तळ येतो का ते वाचा, बहुधा येत नाही. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, रस्त्यावर कुडू हरणं आणि गाढवं असतात.

बोत्स्वानातल्या मोरेमी आणि सावुतीला फोर बाय फोर लागतेच. खोल वाळूत टायरमधली हवा १.२ ते १.५ बारपर्यंत उतरवा आणि कडक रस्ता लागला की कॉम्प्रेसरनं पुन्हा भरा. न भरता वेगात गेलात तर टायर तापून फुटतो. माउनला टाकी भरली की या मार्गानं थेट उत्तरेकडच्या कासाने गावालाच पंप, आणि वाळूत इंधन खूप जास्त जळतं, म्हणून जेरीकॅन हवेत. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत गाडीखाली आणि रेडिएटरच्या जाळीत गवताचं बी साचतं. इंजिन गरम होतं, कधी सायलेन्सरजवळ पेटही घेतं. दर एक-दोन तासांनी वाकून पाहा, साफ करा. बोत्स्वानात गुरांच्या रोगांसाठीची कुंपणं आहेत. तिथल्या नाक्यांवर कच्चं मांस काढून घेतात, तेव्हा आठवड्याचं मांस आधीच भरून नेऊ नका. सीमा ओलांडायची असेल तर गाडी भाड्यानं देणाऱ्याचं परवानगीपत्र जवळ हवं.

मलेरिया

क्रुगर, ओकावांगो, एटोशा, झांबेझीचं खोरं, सगळीकडे मलेरिया आहे. पावसाळ्यात धोका जास्त. लहान मुलं किंवा गरोदर बाई बरोबर असेल तर दक्षिण आफ्रिकेतली मडिक्वे, पिलानेसबर्ग किंवा अॅडो ही मलेरियामुक्त ठिकाणं निवडा. गोळी डॉक्टरांना विचारूनच ठरवा. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची असते. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे, आणि तिनं उन्हात कातडी लवकर भाजते. घरी पोचल्यावर गोळ्या अर्धवट सोडणं ही नेहमीची चूक. संध्याकाळी पूर्ण बाह्या, पायमोजे आणि डीट हे डास पळवणारं औषध असलेलं मलम. परतल्यावर पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर फ्लू समजून वाट पाहू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना आधी सांगा.